पाचवीचा कोरा कागद

मार्च लागला की माझं डोकं फिरतं. उन्हाने नाही. नाशिकचं मार्चचं ऊन अजून माणसात असतं, पहाटे तर पायावर चादर ओढावीच लागते. गल्लीत द्राक्षांच्या हातगाड्या येतात, होळीच्या राखेचा वास दोन-तीन दिवस हवेत रेंगाळतो, कडुनिंबाला कोवळी पालवी येते. हे सगळं मला आवडतं. डोकं फिरतं ते पेपर उघडल्यावर. अंदाजपत्रकात तूट, आणि तूट भरून काढायला सेवांचा फेरआढावा. वर्षानुवर्षं तीच बातमी, फक्त फोटोतली माणसं बदलतात. काल वाचलं तर यादीत 'कमी वापराची सूतिकागृहे' असं होतं. मी चहाचा कप खाली ठेवला, तो गार झाला तरी उचलला नाही.

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतली शेजारीण दूध मागायला आली होती. तिला पेपर दाखवला तर म्हणाली, जाऊ द्या ना काकू, आता कोण जातं तिथे? मी गप्प बसणारी बाई नाही. तिला म्हटलं, तुझ्याकडे भांडी घासायला येते ती मुलगी कुठे बाळंत झाली, विचारलंस कधी? तिने विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं. दूध घेऊन ती गेली, आणि मी मात्र दिवसभर त्या जुन्या मार्चमध्ये अडकून पडले.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो काळ. गावात महानगरपालिका यायची होती, अजून नगरपालिकाच होती. जुन्या गावात एका बोळाच्या तोंडाशी नगरपालिकेचं सूतिकागृह होतं. आठ लोखंडी खाटा, वर पत्रा, मागे शेवग्याचं झाड, दारात पाण्याचा रांजण. फिनेलचा वास आणि शेपा-ओव्याच्या धुरीचा वास तिथे इतका एकमेकांत मिसळला होता की घरी गेल्यावर नवरा म्हणायचा, आलीस वाटतं. तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला, पाळीपाळीने. वीज तयार करणाऱ्याची बायको मी, आणि आमच्या वॉर्डात मात्र बाळाने डोकं काढायला आणि दिवा जायला गाठ. कितीतरी बाळं मी कंदिलाच्या उजेडात घेतली आहेत.

डॉक्टरीणबाई सकाळी यायच्या, आणि अडलं तर निरोप पाठवून बोलवायचं. बाकी सगळा कारभार मी नर्स आणि तान्हाबाई आया, आम्हा दोघींचा. तान्हाबाई माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, पेठांमधल्या निम्म्या पोरांची नाळ तिने धुतलेली. मी तिला मावशी म्हणायचे. ती मला चारचौघांत शिस्टर म्हणायची आणि एकटी सापडले की सुमन. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बाईच्या पोटावर हात ठेवून ती सांगायची, सांजेपर्यंत नाय होत, तू जेवून घे. आणि तसंच व्हायचं.

येणाऱ्या बाया कोण? मार्केटात कांद्याची पोती उचलणाऱ्यांच्या, विड्या वळणाऱ्या, टांगेवाल्यांच्या. पहिलटकरणी माहेरी म्हणून येवल्याकडून, सिन्नरकडून एसटीने यायच्या. या सगळ्या बायांमधल्या काहींच्या सासवा माझ्या हातचं पाणी घेत नसत. आमचं आडनाव विचारायचं आणि पेला पुढे करायचा नाही. पण बाळ मात्र माझ्याच हातून घ्यायच्या, कारण ते दुसरं कोणी काढून देत नव्हतं. बाळ देताना फक्त म्हणायचे, धरा, माझ्याच हातचं आहे.

आम्ही बौद्ध. दीक्षा घेऊन आल्यावर माझ्या वडिलांनी घरातले देवांचे टाक टोपलीत भरले आणि गोदावरीत सोडून दिले. तेव्हापासून आमच्याकडे ना नवस, ना उपास, ना सटवाई. आणि नोकरी करायला मी येऊन पडले ती सटवाईच्याच राज्यात. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहिते. तिच्यासाठी घरात पाटा-वरवंटा पुजायचा, दिवा लावायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. म्हणजे पाचवी घरीच व्हायला पाहिजे. म्हणजे बाईने चौथ्या दिवशी खाट सोडायला पाहिजे. नियम आठ दिवसांचा होता. पण चौथा दिवस उजाडला की दारात टांगा उभा, सासू बोचकं बांधून तयार, आणि बाई उभं राहताना भिंत धरतेय. मी ओरडायचे, भांडायचे, टांगेवाल्याला सुद्धा शिव्या घालायचे. कोणी ऐकत नसे.

पार्वती तशीच गेली. वीस वर्षांची असेल नसेल. पहिला मुलगा, गुटगुटीत. जाताना टांग्यातून हात हलवून हसली मला. सातव्या दिवशी परत आणली तेव्हा अंग भट्टीसारखं तापलेलं आणि ओळख नाही. डॉक्टरीणबाईंनी हातात होतं ते सगळं केलं. नवव्या दिवशी ती गेली. तिचा मुलगा शेजारच्या खाटेवर दुसऱ्या बाईच्या अंगावर पीत होता. मी मागे शेवग्याखाली जाऊन रडले, आणि रडून झाल्यावर मला भयंकर राग आला. सटवाईचा, सासवांचा, टांग्याचा, सगळ्यांचा.

त्याच आठवड्यात नगरपालिकेतून छापील तक्ता आला. खाटा किती, भरलेल्या किती, रिकाम्या किती, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. तूट आली होती आणि एक काटकसर समिती नेमली होती, ती सगळ्या सेवांचा तक्ता मागवत होती. माझं अक्षर चांगलं म्हणून असली कामं माझ्याकडे. मी खरं तेच भरलं. वर्षभर निम्म्याहून जास्त खाटा रिकाम्या दिसत होत्या, आणि दिसणारच, बाया चौथ्या दिवशी उठून गेल्यावर. मग मी शेऱ्याचा रकाना भरला. ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'अंधश्रद्धेपायी बाया चौथ्या दिवशी निघून जातात. सांगूनही थांबत नाहीत.' मला वाटलं, वरच्या लोकांना कळू दे. काहीतरी करतील. प्रचार करतील, सासवांना समज देतील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

समितीने दहा-बारा सेवा तपासल्या. रस्त्यावरचे दिवे, पाणपोया, वाचनालयातली वर्तमानपत्रं, बागेतला माळी, कोंडवाडा, आम्ही. कोंडवाडा राहिला, कारण मोकाट गुरांचे मालक दंड भरतात. बाळंतिणी काही भरत नाहीत. आम्हाला पत्र आलं की सूतिकागृह मार्चअखेर बंद करण्याचे योजले आहे, त्यापूर्वी समिती प्रत्यक्ष पाहणी करील. आणि कारण म्हणून माझाच शेरा उचलला होता : रुग्ण सांगूनही थांबत नाहीत, सबब सेवेची गरज दिसत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

पत्र मी मावशीला वाचून दाखवलं. माझाच शेरा माझ्याच तोंडाने वाचताना मला वर मान करवेना. इथून सिव्हिल हॉस्पिटल पायी चालणाऱ्या अडलेल्या बाईला किती लांब, ते आम्हा दोघींना माहीत होतं. रस्त्यात, टांग्यात, एकदा तर भाजीच्या दुकानाच्या फळीवर बाळंत झालेल्या बाया आमच्याकडे आणलेल्या होत्या. मावशी मला रागावली नाही. ती बाळाची दुपटी घडी करता करता म्हणाली की आपण सटवाईलाच इकडं बोलावू, तिला पत्ता सांगायला काय लागतं?

मी उसळले. दवाखान्यात पाचवी? माझ्या वॉर्डात, माझ्या देखत? वडिलांनी देव नदीत सोडले ते यासाठी? दोन दिवस आमचं बोलणं बंद. ती आपली फरशी पुसते, मी आपली ताप मोजते. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो तेव्हा तिने स्वतःच्या डब्यातली बाजरीची भाकरी मोडून निम्मी माझ्यापुढे ठेवली आणि शांतपणे विचारलं,

"तुला बाया जित्या पायजेत का तुझं खरं पायजे?"

मी भाकरी घेतली.

डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या आधी हसल्या, मग खिडकीतून बाहेर बघत बसल्या. त्यांनाही पार्वती आठवली असणार. म्हणाल्या, पाटा उकळत्या पाण्याने धुवायचा, दिवा खाटेपासून लांब, धूर नाही, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईने आधी साबणाने हात धुवायचे. मावशीने सगळ्या अटी कबूल केल्या. पाटा मी माझ्या घरून नेला. नाशिकरोडहून शहर बसमध्ये मांडीवर पाटा आणि पिशवीत वरवंटा घेऊन बसलेली मी पहिलीच बौद्ध नर्स असेन. कंडक्टरने माझ्याकडे दोनदा बघितलं. मी म्हटलं, तिकीट एकच द्या.

मग आम्ही सासवांच्या मागे लागलो. हे काम मावशीचं. तिने एकेकीला गाठून सांगितलं की सटवाईने तिला दृष्टान्त दिला, मी सरकारी दवाखान्यात बी येते म्हणाली. खोटं बोलतेस, म्हटलं. ती म्हणाली, तू तुझ्या तक्त्यात खरं लिहिलंस तर काय झालं? पहिल्या दोघी कुरकुरत राहिल्या. तिसरी आपण होऊन राहिली. होळीपर्यंत आठही खाटा भरल्या आणि एक बाई खाली सतरंजीवर. वॉर्डात आठ दिवस राहणारी बाळंतीण म्हणजे काय असते ते मी त्या महिन्यात पहिल्यांदा बघितलं. पाचव्या-सहाव्या दिवशी तिच्या गालावर रंग येतो. ती बोलायला लागते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला स्वतःच्या नणंदेच्या तक्रारी सांगते. ताप एकीलाही आला नाही.

समिती आली ती रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास. यायची होती दुपारी. रस्ते अजून रंगाने ओले होते. जुन्या गावात रहाडी असतात, रस्त्याखाली बुजवलेले मोठाले हौद. रंगपंचमीला त्या खणून उघडतात, रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक त्यात धपाधप उड्या मारतात, मग पुन्हा बुजवतात. समितीचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, आणि कानाच्या पाळीमागे धुवूनही न गेलेला पिवळा रंग. सोबत दोघे जण. ते दारातच थबकले, कारण वॉर्डाच्या मधोमध पाटा-वरवंटा मांडलेला होता, त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं, घुगऱ्यांचं पातेलं होतं, आणि ताटात एक कोरा कागद आणि माझं शाईचं पेन. शेवंताची पाचवी होती. तिचा नवरा मार्केटात हमाली करायचा, तो बाहेर रांजणापाशी साबणाने हात धूत उभा होता.

वकीलसाहेबांनी मला विचारलं की दवाखान्यात हे असले प्रकार चालतात का. मी म्हटलं, साहेब, रहाडीसाठी अख्खा रस्ता खणलेला चालतो, इथे तर एक पाटाच मांडलाय. त्यांचा हात आपोआप कानामागे गेला. सोबतचा एक जण खोकल्याचं निमित्त करून हसला. मग वकीलसाहेबांनी फाइल उघडली आणि माझा शेरा वाचून दाखवला. रुग्ण थांबत नाहीत, असं आपणच लिहिलंय ना, बाई?

लिहिलं होतं खरंच. आणि तेवढ्यात खाटेवरून शेवंता बोलली. आदल्या दिवसापर्यंत पदर तोंडावर धरून बोलणारी ती.

"मी आठ दिस हितंच हाय. मी उठणार नाय."

तिच्या पलीकडची म्हणाली, मी पण नाही. मग तिच्या पलीकडची. सतरंजीवरची सुद्धा. कोणी आवाज चढवला नाही. एकेक बाई आपापल्या जागी, मांडीवर बाळ घेऊन, उठणार नाही म्हणाली, आणि ज्या सासवा बाहेर टांगे आणून उभ्या राहायच्या त्या भिंतीला टेकून मान हलवत होत्या. वकीलसाहेबांनी खिशातून पेन काढलं. काहीतरी टिपून घ्यायचं असेल. मावशी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"साहेब, आज या खोलीत फक्त सटवाई लिहिते. तुमचं पेन खिशात ठेवा."

त्यांनी ठेवलं. खरंच ठेवलं. इतका शिकलेला माणूस, पण आईने त्यांचीही पाचवी केली असणार ना. कागद कोरा असताना त्या खोलीत दुसऱ्याने काही लिहायचं नसतं, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. जाताना त्यांनी हातावर घुगऱ्या घेतल्या आणि उभ्या उभ्या खाल्ल्या.

सकाळी मावशीने ताटातला कागद माझ्यापुढे धरला. कोरा, एका कोपऱ्यावर हळदीचं बोट. तिच्या मते त्यावर सटवाईचं लिहिणं होतं, आपल्याला दिसत नाही एवढंच. शेवंताने तो आमच्या कामासाठी आनंदाने दिला होता. मावशी म्हणाली, तिचं लिहून झालं, आता तू लिही, तुझं अक्षर चांगलं हाय. मी म्हटलं, मी मानत नाही. ती म्हणाली, तू नको मानू, लिही. मी त्या कागदावर आठ खाटांवरच्या बायांची नावं लिहिली. कोण कधी आली, कोणाचं बाळ किती वजनाचं, कितवा दिवस, ताप नाही. ताप नाही. ताप नाही. आठ वेळा लिहिलं. नवव्यांदा सतरंजीसाठी. आणि खाली लिहिलं की मागील शेरा माझी चूक होती, तो रद्द समजावा. हळदीच्या बोटासकट तो कागद मी स्वतः नगरपालिकेत नेऊन दिला, आवक-जावकच्या कारकुनाने नाक मुरडत त्यावर शिक्का मारला.

उत्तर आलं : बंद करण्याचा विषय पुढील आदेशापर्यंत स्थगित. रद्द नव्हे, स्थगित. वाचून मावशीने विचारलं, म्हणजे झालं का? मी म्हटलं, म्हणजे पुढच्या मार्चपर्यंत झालं. आणि तसंच झालं. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तक्ता, पुन्हा पाहणी, पुन्हा एक हळद लागलेला कागद. नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली, साहेबांच्या खुर्च्या मोठ्या झाल्या, तूट मात्र त्यांनी जुन्या घरातून जपून आणली. आम्हीही आमचा पाटा जपला. माझ्या नोकरीभर तो पुढील आदेश काही आला नाही. त्यांना वाटत असेल त्यांनी आमच्यावर दया केली. छट्. आम्ही दरवर्षी भांडून घेतलं ते.

ऐंशीनंतर माझी मुलगी तिथेच झाली, चार नंबरच्या खाटेवर. मावशीला मी आधीच बजावलं होतं, माझ्याकडे पाचवी-बिचवी काही नाही. बरं म्हणाली. सहाव्या दिवशी सकाळी उशी सरळ करायला गेले तर खाली घडी घातलेला कोरा कागद. मी तिला खूप बोलले. ती बाळाला तेल लावत होती, म्हणाली, कोराच तर हाय, तुला काय टोचतो? कागद फेकून द्यायला उठले आणि फेकला नाही. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या मयतीला पेठेतून इतकी माणसं आली होती की बोळात चालायला जागा नव्हती, आणि त्यातल्या निम्म्यांना पहिली आंघोळ तिने घातलेली.

काल संध्याकाळी ट्रंक उघडली. नोकरीच्या कागदांखाली तो होता, घडीवर पिवळा पडलेला. मुलीला फोन केला, सांगितलं की तुझा कागद वापरतेय. कसला कागद, तिने विचारलं. मी म्हटलं, तुझं नशीब, पण त्यावर अजून कोणी काही लिहिलेलं नाही. ती हसली आणि म्हणाली, मग लिही तू. आज सकाळी मी रिक्षाने त्या बोळात गेले. पत्रा जाऊन स्लॅब आलाय, शेवगा नाही. आत सात बाया होत्या. मी एकेकीच्या खाटेशी बसले, चष्मा पुसला आणि नावं विचारून लिहून घेतली. कितवा दिवस, बाळाचं वजन किती, ताप आहे का. तरुण नर्सने विचारलं की आजी, तुम्ही कुठून आलात? मी म्हटलं, इथूनच.

उद्या कचेरी उघडली की मी तिथे असेन. गुडघे दुखतात, पण जिना चढता येतो. आवक-जावकचा शिक्का मारून घेतल्याशिवाय मी खाली उतरणार नाही. कागदावर नावांच्या खाली थोडी जागा उरली होती, तिथे आडवी रेघ मारून मी शेऱ्याचा रकाना केला आणि माझ्या त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं : बाया इथेच आहेत. उठणार नाहीत.